गाडीच्या वायरिंगचा रिकॉल: चेसिस नंबर शोधण्यापासून जॉब कार्डावरच्या नोंदीपर्यंत

इंदूरमधल्या मराठी घरांत पुण्या-मुंबईहून आलेल्या गाड्या पुष्कळ. मुलाने पुण्यात नवी गाडी घेतली की जुनी राजेंद्र नगरला आई-बाबांकडे येते, मामाची गाडी लोकमान्य नगरच्या भाच्याकडे जाते. गाडीबरोबर आरसी येते, दुसरी किल्ली येते, पण कंपनीच्या नोंदीतला फोन नंबर तसाच राहतो. पुढे कंपनीने त्या मॉडेलचा रिकॉल काढला तर एसएमएस त्या जुन्या नंबरवर जातो आणि तिथेच विरतो. आमची गाडीही अशीच नातेवाइकांकडून आलेली. तिच्या इंजिनखान्यातल्या वायरिंगची तपासणी कंपनीने जाहीर केली आहे, हे आम्हाला समजलं ते शेजारच्या काकांकडून. त्यांची गाडी त्याच मॉडेलची, आणि ते काम करून आले होते. पुढची सगळी धावपळ केल्यावर जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो आहे. तुमच्याकडे नवी गाडी असो की जुनी, कंपनीच्या फोनची वाट पाहू नका.

आधी रिकॉल म्हणजे काय ते पाहू. एखाद्या काळात बनलेल्या गाड्यांच्या भागात किंवा जोडणीत सुरक्षेला धोका पोहोचवणारा दोष सापडला, की कंपनी त्या गाड्या परत बोलावून फुकट तपासते आणि दुरुस्त करते. भारतात वाहन उत्पादकांच्या सियाम या संघटनेची स्वेच्छा रिकॉलची संहिता २०१२ पासून आहे. त्यानंतर २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम आलं आणि सरकारला रिकॉलचा आदेश देण्याचा अधिकार मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. कंपनीने स्वतःहून रिकॉल काढला तर तिला दंड नाही, सरकारला आदेश द्यावा लागला तर दंड आहे. आपल्याकडचे बहुतेक रिकॉल स्वेच्छेने निघतात, त्याचं एक कारण हे असावं असं मला वाटतं.

वायरिंगचे रिकॉल दुर्मीळ नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये महिंद्राने एक्सयूव्ही ७०० च्या १,०८,३०६ गाड्या इंजिनखान्यातल्या वायरिंगचा मार्ग तपासण्यासाठी बोलावल्या, कारण वायर घासून कापली जाण्याची शक्यता होती. मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने सुमारे २ लाख ३७ हजार मोटरसायकली इग्निशन कॉइलसाठी बोलावल्या. त्या दोषामुळे क्वचित शॉर्ट सर्किट होऊ शकत होतं. एप्रिल २०२२ मध्ये ओकिनावाने ३,२१५ इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीचे कनेक्टर सैल तर नाहीत ना, हे तपासायला घेतलं. म्हणजे हा विषय फक्त महागड्या मोटारींचा नाही, दारातल्या स्कूटरचाही आहे.

१. चेसिस नंबर नीट लिहून घ्या

रिकॉलची यादी गाडीच्या एमपी-०९ नंबरवर चालत नाही, ती चेसिस नंबरवर चालते. हा नंबर १७ अक्षरांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत. म्हणून गोल आकार दिसला तर तो शून्य समजा आणि उभी रेघ दिसली तर एक. वेबसाइट 'नंबर चुकीचा आहे' असं म्हणते तेव्हा बहुतेक वेळा घोळ इथेच असतो.

नंबर आरसीवर असतो, विम्याच्या पॉलिसीवरही असतो. एम-परिवहन ॲपमध्ये तो पूर्ण दिसत नसेल तर पॉलिसी काढा. गाडीवर तो मॉडेलप्रमाणे पुढच्या सीटखाली, दाराच्या खांबावरच्या पट्टीवर किंवा इंजिनखान्यात कोरलेला असतो, आणि दुचाकीत हँडलखालच्या गळ्यावर. कागदावरचा आणि गाडीवरचा नंबर एकदा ताडून पाहा आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. सेकंडहँड गाडीत दोन्ही जुळत नसतील तर रिकॉल बाजूला ठेवून आधी तो प्रश्न सोडवा.

२. यादीत गाडी आहे का, हे तीन ठिकाणी तपासा

पहिलं ठिकाण कंपनीची स्वतःची वेबसाइट. बहुतेक कंपन्यांच्या साइटवर रिकॉल किंवा सर्व्हिस कॅम्पेन असा विभाग असतो, तिथे चेसिस नंबर टाकला की उत्तर मिळतं. दुसरं, सियामच्या साइटवरची स्वेच्छा रिकॉलची यादी. तिथे कोणत्या मॉडेलचा, कोणत्या काळातल्या उत्पादनाचा आणि कशासाठी रिकॉल निघाला ते दिसतं. तिसरं, अधिकृत सर्व्हिस सेंटर. तिथल्या संगणकात तुमच्या गाडीवरचं बाकी राहिलेलं काम दिसतं, आणि माझ्या अनुभवात हेच उत्तर सगळ्यांत पक्कं असतं. फोनवर विचारताना 'इस चेसिस नंबर पे कोई रिकॉल या कॅम्पेन पेंडिंग है क्या' असं नेमकं विचारा. नुसतं 'गाडी में कोई प्रॉब्लेम है क्या' विचारलंत तर समोरचा सर्व्हिसची तारीख देऊन मोकळा होतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. तुमच्या मॉडेलचं नाव बातमीत आलं म्हणून तुमची गाडी रिकॉलमध्ये असेलच असं नाही. वर सांगितलेल्या महिंद्राच्या रिकॉलमध्ये ८ जून २०२१ ते २८ जून २०२३ या काळात बनलेल्या गाड्या होत्या. उत्पादनाची तारीख आणि खरेदीची तारीख यांत काही महिन्यांचं अंतर असू शकतं, त्यामुळे बिलावरची तारीख पाहून निष्कर्ष काढू नका. आणि बातमी आली नाही म्हणून गाडी सुटली असंही धरू नका. वर्षातून दोनदा तपासायची सवय लावा. पीयूसी काढताना आणि विम्याचं नूतनीकरण करताना कागद हातात असतातच.

गाडी एमएच-१२ ची असो वा एमपी-०९ ची, रिकॉलचं काम देशातल्या त्या कंपनीच्या कोणत्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये होतं. 'जहाँ से ली वहीं ले जाओ' असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. नायता मुंडल्याच्या आरटीओतही यासाठी जायचं कारण नाही.

३. काम होईपर्यंत गाडी कशी वापरायची

कंपनीच्या सूचनेत 'गाडी चालवू नका' असं लिहिलं असेल तर चालवू नका, टोईंगची सोय त्यांच्याकडेच मागा. तसं लिहिलं नसेल तरी सूचना शेवटपर्यंत वाचा. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीने १,८१,७५४ पेट्रोल गाड्या मोटर जनरेटर युनिटसाठी बोलावल्या, तेव्हा काम होईपर्यंत पाणी साचलेल्या भागातून गाडी नेऊ नका आणि इलेक्ट्रिकल भागांवर थेट पाणी मारू नका, असं स्पष्ट सांगितलं होतं.

ही दुसरी सूचना आपण इंदूरकरांनी विशेष मनावर घ्यायला हवी. रंगपंचमीच्या गेरेनंतर, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीनंतर, राजवाड्याच्या आसपास उभी असलेली गाडी गुलालाने माखते, आणि दुसऱ्या दिवशी वॉशिंग सेंटरवाला बॉनेट उघडून आत प्रेशरचा पाइप मारतो. त्या जोराने पाणी कपलरच्या, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगच्या, आत जातं, पिना गंजतात आणि काही महिन्यांनी दिवे लुकलुकायला लागतात. इंजिनखाना ओल्या फडक्याने पुसला तरी पुरे. वायरिंगचा रिकॉल बाकी असेल तर प्रेशर वॉश अजिबात करू नका.

घासलेली वायर नेमकं काय करते, तेही समजून घ्या. गाडीची सगळी धातूची बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्ह वायरचं वेष्टण घासून तांबं बॉडीला टेकलं की मोठा प्रवाह वाहतो. मध्ये फ्यूज असेल तर तो उडतो. पण बऱ्याच गाड्यांत बॅटरीतून स्टार्टरकडे जाणाऱ्या जाड केबलला फ्यूज नसतो, आणि तिथे घासलं तर वायर तापून पेटू शकते. म्हणून पुढची लक्षणं दिसली तर बुकिंगच्या तारखेपर्यंत थांबू नका: प्लास्टिक जळल्याचा वास, एकच फ्यूज पुन्हा पुन्हा उडणं, हेडलाइट मंद-तेज होणं, रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी उतरणं, हॉर्न किंवा वायपर आपोआप चालू होणं.

चालत्या गाडीत धूर दिसला तर बाजूला थांबा, इग्निशन बंद करा, सगळ्यांना खाली उतरवून लांब न्या आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. बॉनेट सताड उघडू नका, हवा मिळाली की आग भडकते. सामान काढायला परत जाऊ नका.

४. हे कागद बरोबर ठेवा

आरसी (डिजिलॉकरमधली चालते), चालू विम्याची पॉलिसी, सर्व्हिस बुक किंवा जुन्या सर्व्हिसची बिलं, तुमचं ओळखपत्र, आणि रिकॉलचा एसएमएस किंवा वेबसाइटवरच्या उत्तराचा स्क्रीनशॉट. गाडी अजून नातेवाइकांच्या नावावर असेल तर त्यांचं सहीचं साधं पत्र आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रत घ्या. कायद्याने ते पत्र लागतंच असं नाही, पण काउंटरवरचा वाद टळतो. त्रास जाणवत असेल तर त्याचा व्हिडिओ काढून ठेवा. वर्कशॉपमध्ये गेल्यावर गाडी नेमकी शहाण्यासारखी वागते!

५. बुकिंग करताना भाग आहे का, हे आधी विचारा

रिकॉल जाहीर झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गर्दी असते आणि भाग संपलेले असतात. देवास नाक्याकडच्या एखाद्या वर्कशॉपपर्यंत जाऊन 'पार्ट नहीं आया' हे ऐकण्यापेक्षा फोनवर तीन गोष्टी विचारून घ्या. फक्त तपासणी आहे की भाग बदलायचा आहे? भाग स्टॉकमध्ये आहे का? गाडी त्याच दिवशी मिळेल का? नुसती तपासणी आणि वायरिंगला क्लिप किंवा स्लीव्ह लावायची असेल तर काम काही तासांचं. पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, बदलायचा असेल तर डॅशबोर्डही उघडावा लागू शकतो, मग गाडी राहते. एका वर्कशॉपने लांबची तारीख दिली तर दुसऱ्याला विचारा, शहरात बहुतेक कंपन्यांची एकाहून जास्त सेंटरं आहेत.

६. वर्कशॉपच्या काउंटरवर

सगळ्यांत जास्त लक्ष इथे द्यायचं आहे. चांगला सर्व्हिस ॲडव्हायझर मिळाला तर काम सरळ होतं. पण त्यांच्यावर बिलाचं टार्गेट असतं आणि रिकॉलच्या कामात ग्राहकाकडून पैसे मिळत नाहीत, हे ध्यानात ठेवून बोला.

गाडी आत जाण्याआधी जॉब कार्ड, म्हणजे गाडीवर करायच्या कामांची नोंद असलेला वर्कशॉपचा कागद, वाचा. त्यावर रिकॉलची ओळ स्वतंत्र हवी, कॅम्पेनचा कोड किंवा नाव हवं, आणि पुढे रक्कम शून्य हवी. 'जनरल चेकअप' किंवा 'वायरिंग चेक' एवढंच लिहिलं असेल तर सही करू नका. पुढे काही झालं तर तुमच्या गाडीचा रिकॉल झाला की नाही, हे त्या ओळीवरून ठरतं. आमच्या वेळी जॉब कार्डावर आधी नुसती सर्व्हिसच लिहिली होती. हटकून सांगितल्यावर कॅम्पेनची ओळ आली.

मजुरीसुद्धा फुकट असते. 'पार्ट फ्री है, लेबर लगेगा' हे चूक आहे. वॉरंटी संपली म्हणून रिकॉल नाकारता येत नाही, आणि पेड सर्व्हिस बाहेर केली होती म्हणूनही नाही. बरोबर सर्व्हिस करून घ्यायची असेल तर जरूर करा, पण तिचं बिल वेगळं ठेवा. इंजिन डिकार्बनायझेशन, एसी डिसइन्फेक्शन, अँटी-रस्ट यांना नको म्हणायचं असेल तर तिथेच 'फक्त रिकॉल' असं जॉब कार्डावर लिहायला लावा.

एक अपवाद मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा. उंदरांनी कुरतडलेली वायर रिकॉलमध्ये येत नाही. झाडाखाली किंवा अंगणात महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे फार होतं. वर्कशॉपने उंदरांचं कारण सांगितलं तर वायर दाखवा म्हणा, फोटो घ्या. दाताच्या खुणा वेगळ्या दिसतात, आणि धातूच्या कडेवर घासलेल्या वायरचं वेष्टण एकाच बाजूने झिजून चपटं, गुळगुळीत झालेलं असतं.

गाडी परत घेताना बॉनेट उघडून काय केलं ते दाखवायला सांगा. क्लिप कुठे लावली, वायर कुठून फिरवली, कोणता भाग बदलला. बदललेला भाग पाहायला मागा. मग दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, काचा, एसी, रिव्हर्स कॅमेरा एकेक चालवून पाहा. बॅटरी काढली असेल तर घड्याळ आणि रेडिओचं सेटिंग जातं, ते नॉर्मल आहे. डॅशबोर्डवर वॉर्निंगचा दिवा राहिला असेल तर ते नॉर्मल नाही, गाडी तिथेच ठेवा. इनव्हॉइसवरही रिकॉल 'कम्प्लीट' झाल्याची नोंद हवी.

आणि निघण्यापूर्वी एवढं कराच: कंपनीच्या नोंदीत मालकाचं नाव, पत्ता, फोन बदलून घ्या. यापुढचा रिकॉल तुमच्याच फोनवर येईल.

७. बाहेरून बसवलेल्या वस्तू

रिकॉल नाकारायला वर्कशॉपला सगळ्यांत सोपं कारण इथे मिळतं, आणि खरं सांगायचं तर आगीचं कारणही पुष्कळदा इथेच असतं. शोरूममधून निघालेली गाडी आपण थेट ॲक्सेसरीवाल्याकडे नेतो. तो मूळ वायर सोलतो, त्याला दुसरी पिळतो, वर काळी टेप गुंडाळतो. मे महिन्यात चाळिशीपार गेलेल्या इंदूरच्या उन्हात त्या टेपचा गोंद वितळतो आणि जोड उघडा पडतो.

हेडलाइटच्या बल्बचं उदाहरण घ्या. नेहमीचा हॅलोजन बल्ब हाय बीमला ६० वॉटचा, १२ व्होल्टवर ५ अँपिअर घेतो. त्या जागी १०० वॉटचा बसवला तर ८.३ अँपिअर. वायरमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे त्याच वायरमध्ये पावणेतीन पटीहून जास्त उष्णता. वायर आणि कपलर मात्र जुनेच. असा बल्ब हवाच असेल तर वेगळी रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि वेगळा फ्यूज असलेलं किट लागतं. माझं मत विचाराल तर कंपनीने दिलेला बल्बच ठेवा.

फ्यूजचंही तसंच. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो. १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. १० चा उडतोय म्हणून ३० चा बसवला तर फ्यूज शाबूत राहतो आणि वायर जळते. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळून देणारा मिस्त्री कितीही जुन्या ओळखीचा असला तरी त्याला वायरिंगला हात लावू देऊ नका.

सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर त्याची वायरिंग इंजेक्टरच्या वायरींना जोडलेली असते. किट आरसीवर आणि विम्यात नोंदवलेलं असू द्या. वर्कशॉपला ते आधीच सांगा, लपवू नका. तुमचं किट किंवा म्युझिक सिस्टिम रिकॉलच्या भागाशी संबंधित नसेल तर 'ॲक्सेसरी लावली आहे म्हणून रिकॉल करणार नाही' हे म्हणणं टिकत नाही. तसं कोणी म्हटलं तर कारण लेखी मागा. लेखी द्यायची वेळ आली की पुष्कळदा सूर बदलतो.

८. गाडी यादीत नाही, पण त्रास होतोय

अशा वेळी आधी वॉरंटीत तक्रार नोंदवा आणि प्रत्येक खेपेचं जॉब कार्ड सांभाळा. 'चेक किया, ओके है' म्हणून कागद न देता परत पाठवत असतील तर कागद मागून घ्या. दोष तुमच्या एकट्याच्या गाडीतला नसून त्या मॉडेलमधला वाटत असेल तर परिवहनच्या वाहन पोर्टलवर रिकॉलसाठी तक्रार नोंदवण्याची सोय आहे. ती ७ वर्षांपर्यंतच्या गाड्यांसाठी आहे. विकलेल्या गाड्यांच्या तुलनेत ठरावीक प्रमाणात तक्रारी आल्या की सरकारी पातळीवर चौकशी सुरू होते, आणि दोष सिद्ध झाला तर कंपनीला दुरुस्ती करावी लागते, गाडी बदलून द्यावी लागते किंवा पैसे परत करावे लागतात. तुमची एक तक्रार म्हणजे त्या आकड्यातली एक. ती नोंदवायला आळस करू नका.

९. वर्कशॉप ऐकतच नसेल तर

आधी कंपनीच्या कस्टमर केअरला ई-मेल करा: चेसिस नंबर, रिकॉलचं नाव, वर्कशॉपला गेल्याची तारीख आणि त्यांनी दिलेलं कारण, एवढंच, मुद्देसूद. तोंडी तक्रारीचा माग राहत नाही. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, क्रमांक लिहून ठेवा.

त्यानंतरचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता तिथल्या आयोगात दाद मागता येते, त्यामुळे पुण्यात घेतलेल्या गाडीसाठी पुण्याला जायला नको. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षांची. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते.

गाडी प्रत्यक्ष जळाली असेल तर रस्ता वेगळा आहे. विम्याच्या ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, भागात आग आणि स्वतःहून पेट घेणं हे दोन्ही येतं. नुसता इलेक्ट्रिकल बिघाड येत नाही, आणि फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर काहीच येत नाही. नंतर बसवलेल्या इलेक्ट्रिकल वस्तू पॉलिसीत नोंदवलेल्या नसतील तर त्यांचे पैसे मिळत नाहीत. सर्व्हेअर येईपर्यंत गाडीला हात लावू देऊ नका, अग्निशमन दलाचा अहवाल घ्या, आणि जळालेले भाग भंगारात जाण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. आग कुठून सुरू झाली, हे त्या फोटोंवरून आणि तुमच्या जुन्या जॉब कार्डांवरून ठरवावं लागतं. म्हणून जॉब कार्डांची फाइल गाडीत ठेवू नका, घरी ठेवा.